सहा बटनांचा कीबोर्ड

भंगाराच्या दुकानात शिरलं की योगिनीला वेळेचं भान राहत नसे. वाशीमच्या त्या टिनाच्या शेडखाली जुन्या कीबोर्डांचा ढीग पडलेला असायचा, आणि बायका बाजारात वांगी निवडतात तशी ती एकेक कीबोर्ड उचलून, दाबून, कानाशी हलवून बाजूला ठेवायची. किन्हीराजाला बसथांब्याजवळ तिचं ऑनलाइन कामाचं दुकान होतं. कुणाचा सातबारा, कुणाचा पीकविमा, कुणाच्या पोराचा परीक्षेचा फॉर्म. गिऱ्हाईक नसलं की ती बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायची. एका मेलेल्या कीबोर्डाची बटनं दुसऱ्या आजारी कीबोर्डाला बसवण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

त्या दिवशी ढिगाच्या तळाशी तिच्या हाताला काही तरी वेगळंच लागलं. तळहाताएवढं, कासवाच्या पाठीसारखं फुगीर. एके काळी पांढरं असावं; आता जुन्या दातासारखं पिवळं पडलेलं. वर फक्त सहा बटनं, आणि त्यांतल्या एकावरही अक्षर नाही. मागून लोंबणारी वळ्यावळ्यांची वायर एका अशा चपट्या पिनेत संपत होती, की तशी पीन तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"चाचा, हे काय होय?"

"तुलेच पुसतो मी. कम्पुटरवाली तू का मी?" दुकानदार तराजूपलीकडून हसला. "किलोत टाकून दे. सहाच दात हायेत त्याले, म्हातारं दिसते."

"सहा दात म्हंजे ऐन जवानी, चाचा. म्हातारं नाही होय."

"हो वो बाई! दलालाची पोरगी तू. तुह्यासमोर दाताची गोष्ट नाही कराव."

चाचा बोलला ते गमतीनं, पण योगिनीचं हसू ओठावरच थांबलं. कारंजा असो, मालेगाव असो, गुरांचा बाजार भरला की दात मोजून वय सांगणारे बैलांचे दलाल, तिचे वडील बबनराव यांचं नाव लोक आजही घेत. तेच बबनराव कार्तिकापासून घरातल्या खाटेवर होते. लकवा मारून गेला होता. डावं अंग ओल्या पोत्यासारखं जड झालं आणि जीभ टाळूला चिकटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना समजतं सगळं, डोकं शाबूत आहे, फक्त बोलण्याची वाट बुजली आहे. सुरुवातीला बबनराव बोलायला बघत. घशातून नुसती घरघर निघे. एकदा भेटायला आलेल्या कुण्या पाहुण्यानं बहिऱ्याशी बोलावं तसं कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "काय म्हनता? पानी?" त्या दिवशी बबनरावांनी ओठ मिटले ते मिटलेच. तोंड भिंतीकडे केलं. आणि लिहून दाखवावं, तर अक्षराशी त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. सहीपुरती बोटं वळत, तेवढंच.

ज्या माणसाच्या आवाजानं उधळलेला गोऱ्हा जागच्या जागी थांबायचा, त्याच्या घरात आता भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. योगिनीला दुसरं काही नको होतं. बापाचा एक शब्द हवा होता. शिवी असली तरी चाललं असतं.

तिनं ते पिवळं कासव पिशवीत टाकलं.

दुकानात टेबलावर ठेवलं तसं जो तो येऊन नाव ठेवू लागला. पेन्शनचं काम घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं ठामपणे सांगितलं की हे ऑर्केस्ट्राचं आहे, फक्त सूर मेलेत. दूध डेअरीतला हरीओम म्हणाला, "फॅट मोजाच्या मशीनचा तुकडा होय." एका बाईनं तर हातच आखडला. "मतदानाचं तं नाही ना वो? ठेवू नको जवळ, साहेब लोक येतील."

"मतदानाचं असतं तं चिन्हं नसती काय, मावशी?"

"पुसली असतील कोनी!"

योगिनीनं मग चहूबाजूंनी फोटो काढले आणि जुनी यंत्रं जमवणाऱ्या लोकांच्या एका फोनवरच्या गटात टाकले. 'वाशीमला भंगारात मिळालं. सहा बटनं, अक्षर एकही नाही. काय असेल?' संध्याकाळपर्यंत कुणी खेळण्याचं म्हणालं, कुणी दवाखान्याचं. दिवेलागणीला फोन वाजला. नागपूरच्या स्नेहाताई. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता घरभर जुने कॉम्प्युटर मांडून बसलेल्या.

"योगिनी ना? कॅमेरा चालू कर बरं. अंगठ्याच्या बाजूला दोन बटनं आहेत का?"

"आहेत ताई. आणि वर चार, अशी कमानीत."

"डावा हात ठेवून बघ."

तिनं ठेवला. करंगळी हवेत, अंगठा भलतीकडे. दुसऱ्याचा जोडा पायात घातल्यासारखं वाटलं.

"आता उजवा."

उजवा हात मात्र असा बसला, की जणू कुणी तिच्या पंज्याचं माप घेऊन साचा ओतला होता. चार बोटांखाली चार बटनं, अंगठ्याच्या वाट्याला दोन.

"खालचे स्क्रू काढ," स्नेहाताईंचा आवाज एकदम धावायला लागला. "आत काळी चौकोनी चिप असेल. तिच्यावर चार आकडे वाच."

"आठ, चार, एक, दोन."

"चौऱ्याऐंशी सालचा बारावा आठवडा! अगं, चाळीस वर्षांचं आहे हे. विलायतेहून आलेलं. कुठल्या तरी प्रयोगशाळेसाठी कुणी आणलं असेल आणि मग अडगळीत गेलं असेल. मी आयुष्यात फक्त चित्रात पाहिलंय." त्या कॅमेऱ्याजवळ सरकल्या. "योगिनी, हा लिहायचाच कीबोर्ड आहे. पण एका हाताचा. यात एका बटनाला एक अक्षर नसतं. दोन-तीन बोटं एकदम दाबायची, की त्या जोडीचं एक अक्षर. आणि गंमत सांगू? दाबल्यावर अक्षर उमटत नाही. बोटं उचलली, की उमटतं."

योगिनीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग घराच्या दिशेला. बबनरावांचा उजवा हात धडधाकट होता.

"ताई, हा चालू होईल?"

"त्याचा जोडीदार कॉम्प्युटर आता जगात मोजकाच असेल. पण आत आहे काय, नुसती सहा बटनं. मी एक छोटी सर्किटची पट्टी पाठवते. सहा तारांना डाख दे, बाकी मी फोनवर सांगते. काय करणार आहेस पण त्याचं?"

"आमच्या बाबाले बोलतं करीन म्हनतो," योगिनी म्हणाली, आणि नागपूरच्या बाईंशी आपण घरची बोली बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पट्टी आली. डाख दिला. आजच्या कॉम्प्युटरशी त्या म्हाताऱ्या कीबोर्डाचं सूत जुळलं. बापाला अक्षरं येत नाहीत, तर अक्षरांचं कामच ठेवायचं नाही, असं योगिनीनं ठरवलं. बोटांच्या एकेका जोडीला तिनं एकेक आख्खा शब्द दिला आणि तो कॉम्प्युटरनं मोठ्यानं बोलायचा अशी सोय केली. पहिलं बोट दाबलं की पाणी. दोन बोटं दाबली की चहा. तिनाला कूस बदला, चाराला पंखा लावा, आणि सगळा पंजा दाबला तर दुखतंय. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तान्ह्या पोराला घास भरवण्याआधी आई जशी आधी आपल्या ओठाला लावून बघते, तसं तिनं प्रत्येक बटन दहादा दाबून बघितलं.

सकाळी खाटेवर पाटी ठेवून तिच्यावर कीबोर्ड ठेवला. बबनराव भिंतीकडे तोंड करून होते. तिनं त्यांचा उजवा हात हळूच उचलून त्या फुगीर पाठीवर ठेवला.

हात बसला. आणि कार्तिकानंतर पहिल्यांदा बबनरावांनी मान वळवून पाहिलं. आधी हाताकडे, मग लेकीकडे. बोटं जराशी हलली, बटनांचा अंदाज घेत, बैलाच्या वशिंडावरून फिरावीत तशी. मग पहिली दोन बोटं एकदम दाबली गेली आणि उचलली गेली.

"चहा," कॉम्प्युटर शहरी बाईच्या आवाजात बोलला.

आतून तिची आई, मनकर्णाबाई, धावत आल्या. "कोन बोललं? यायनं? यायनं चहा मांगतला?" पदर डोळ्यांना लावत त्या तशाच चुलीकडे पळाल्या. गॅस होता, पण आनंदाच्या भरात पायांना जुनी वाट आठवली. चहा आला. बशीत ओतून फुंकर घालून पुढे केला.

बबनरावांनी बशीकडे पाहिलंही नाही. पुन्हा दोन बोटं दाबली.

"चहा."

"हो बाबा, हा काय आनला." योगिनीनं बशी ओठाला लावली. त्यांनी तोंड फिरवलं. हनुवटीनं स्वतःच्या छातीकडे खूण केली, आणि पुन्हा दोन बोटं.

"चहा."

"तुमचाच होय बाबा, दुसऱ्या कोनाचा नाही."

"साखर जास्त झाली असन," मनकर्णाबाई म्हणाल्या. बिनसाखरेचा आला. मग अद्रकाचा. मग कोरा. शेजारणीनं सांगितलं म्हणून गवती चहाचा. बबनराव दोन बोटं दाबायचे, हनुवटीनं आपल्याकडे दाखवायचे, आणि चहा आला की डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. घरातली साखर संपली. मनकर्णाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "योगिनी, हे तुहं मशीन भुताळलं हाय. पन्नास वर्स ज्या मानसानं सकाळी एकच कप घेतला, तो दिवसभर चहा कायले मांगन?"

तिसऱ्या प्रहरी बबनरावांनी दोन बोटं दाबली, योगिनी चहाचा कप घेऊन आली, आणि त्यांनी पाटीला हाताचा असा फटका दिला की कीबोर्ड खाली जाऊन आदळला. कोपऱ्याचा टवका उडाला. बबनरावांनी तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

योगिनी दुकानात येऊन बसली, शटर अर्धं ओढलं आणि स्नेहाताईंना फोन लावला. "काही होत नाही ताई. त्यांना समजतच नाही बहुतेक. बोटं आपली आपोआप हलतात. वेडी आशा होती माझी."

"दरवेळी तीच दोन बोटं?"

"तीच."

"मग ते आपोआप नाही गं." स्नेहाताई एकेक शब्द तोलत म्हणाल्या. "चूक इतक्या शिस्तीत होत नसते. ते त्या दोनानं काही तरी सांगताहेत. फक्त तू त्या दोनाला चहा म्हणतेस, आणि ते चहा म्हणत नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलेलं कुणी आहे का?"

काम केलेलं माणूस होतं. दौलतसिंग. तांड्यावरचे दौलतसिंग आणि बबनराव यांची बाजारातली जोडी म्हणजे बैलजोडीच. एक विकणाऱ्याच्या बाजूला उभा, दुसरा घेणाऱ्याच्या. पण दिवाळी झाली तशी दौलतसिंगची पोरं-सुना ऊसतोडीला गेली होती आणि कोपीवर, फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, नातवंडं सांभाळायला म्हातारा त्यांच्याबरोबर गेला होता. चैत्र लागला होता. पळस फुलून झडायला आला होता. तोडीवरच्या गाड्या तांड्यावर परतू लागल्याचं योगिनीनं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं तांड्यावर निरोप धाडला.

निरोप पोचायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सकाळीच दौलतसिंग दारात. उन्हानं रापलेला, खांद्यावर पांढरा रुमाल, हातात उसाचं कांडं.

"अबे बबन!" दारातूनच आवाज दिला. "मी पाच महिने कोपीवर पोट्टे राखून राह्यलो आन तू इथं खाटेवर बाजार मांडून बसला? लाज नाही वाटत?"

खाटेजवळ येईपर्यंत आवाज शाबूत होता. वाकून चेहरा पाहिला आणि म्हातारा खाली जमिनीवरच बसला. बबनरावांनी मान वळवली. उजव्या डोळ्यातून पाणी कानाकडे वाहत गेलं. दौलतसिंगनं ते रुमालाच्या टोकानं पुसलं, जसं एखाद्या जनावराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं.

"बोलत नाही का काहीच?" त्यानं योगिनीला विचारलं.

योगिनीनं सगळं सांगितलं. कीबोर्ड, स्नेहाताई, शब्द, चहा. दौलतसिंगला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तो म्हणाला, "दाखव तं खरं."

कीबोर्ड पुन्हा मांडला. बबनरावांचा हात आधी यायलाच तयार नव्हता. मग दौलतसिंगकडे पाहत त्यांनी तो ठेवला. दोन बोटं दाबली. उचलली.

"चहा," कॉम्प्युटर बोलला.

"आता नाही ठेवत मी चहा!" आतून मनकर्णाबाईंचा आवाज. "साखर नाही घरात!"

पण दौलतसिंग त्या आवाजाकडे बघतच नव्हता. तो हाताकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून जागच्या जागी थांबल्या.

"पोरी, या मशीनमधल्या बाईचं तोंड बंद कर आधी."

योगिनीनं आवाज बंद केला.

"वहिनी, भाईर या," दौलतसिंग म्हणाला. "हा चहा नाही मांगून राह्यला. हा भाव सांगून राह्यला."

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि बबनरावांच्या हातावर आणि कीबोर्डावर पसरला. मग स्वतःचा हात रुमालाखाली घातला.

गुरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. चार माणसं कान टवकारून उभी असतात. एकाला भाव कळला की दुसऱ्याचा सौदा बिघडतो. म्हणून रुमालाखाली हातात हात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, आख्खा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार ते जनावर बघून समजायचं. तोंडानं पाऊस-पाण्याच्या गोष्टी चालतात आणि खाली बोटं भांडतात, रुसतात, मान्य होतात. योगिनीनं हे लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून शेकडो वेळा पाहिलं होतं. पण वरून पाहिलं होतं. रुमालाखाली काय चालतं ते कुणालाच दिसत नाही. पोरीला कुठून दिसणार?

आता ती पाहत होती. रुमाल हलत होता. अंड्यांवर बसलेली कोंबडी अंग सावरते, तसा. कधी थबके, कधी उसळे. आधी दौलतसिंग हसला, मिशीतल्या मिशीत. मग हसू विरलं.

"कायचा भाव सांगून राह्यले, काका?" योगिनीनं विचारलं.

"तेच पुसून राह्यलो." दौलतसिंगनं भुवया उंचावल्या. बबनरावांनी हनुवटी छातीला लावली. मग रुमालाखालचा हात काढून डाव्या, लुळ्या मांडीवर दोनदा आपटला, आणि परत आत घातला.

दौलतसिंगनं रुमालाखालचा आपला हात बाहेर काढला.

"सोताले विकून राह्यला हा," तो म्हणाला. "दोनशेले. खोड बी सांगून राह्यला, डाव्या अंगानं बसका हाय म्हनून. जू वढत नाही, फुकटची वैरन खाते, जो नेईल त्यानं न्यावा." एवढं सगळं बोटांनी सांगता येत नाही. पण इतक्या वर्षांच्या जोडीदाराला बोटं थोडी आणि डोळे फार लागतात.

मनकर्णाबाई उंबऱ्यात होत्या. त्यांनी चौकट धरली.

दोन दिवस माणूस आपली किंमत सांगत होता, आणि आपण त्याला अद्रक घालून चहा पाजत होतो. योगिनीला हुंदका आला, आणि त्या हुंदक्यातच रागही आला, लहानपणी बाप बाजाराला सोबत न नेता निघाला की यायचा तसला राग.

"सरका काका," ती म्हणाली. "मी घेतो हा बैल."

तिनं हात रुमालाखाली घातला. बबनरावांनी हात मागे ओढला.

"अंहं!" दौलतसिंग दलालाच्या आवाजात गरजला. "बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाले हात नाही म्हनाचं नसते, बबन. धर."

हात परत आला. खरबरीत, कोरडा, गरम. योगिनीला कळलं की कितीतरी महिन्यांत आपण हा हात पुसला, तेल लावलं, उचलून ठेवला, पण धरला नव्हता. त्या हातानं तिची दोन बोटं पकडली. तिनं झटकली आणि त्यांचा सगळा पंजा मुठीत घेतला.

"गिऱ्हाईक पाच म्हनून राह्यलं," दौलतसिंगनं जाहीर केलं. "पाच हजार."

बबनरावांनी मान जोरानं हलवली. पुन्हा दोनच बोटं.

तिनं पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला.

"दहा. अरे बाप्पा! बबन, दोनशेत तं आजकाल बकरीचा कान येत नाही. पोरगी दहा हजारावर गेली."

दोन बोटं. आता आणखी घट्ट.

"दुनियेत असा सौदा पाह्यला नाही," दौलतसिंगनं मांडीवर थाप मारली. "विकनारा खाली उतरून राह्यला आन घेनारी वर चढून राह्यली! दलालानं बोंब मारावं का काय कराव?"

"बाबा," योगिनी म्हणाली. रुमालाखाली तिचा हात तसाच होता. "मले भाव नाही पाह्यजे. मले बैल पाह्यजे. दुकानात मी लोकाईसंगं बोलतो, पन माहे कान इकडे घरी असतात, का तुमी आता काही बोलसान, मंग काही बोलसान. तुमी नाही काम केलं तं काय झालं? तुमी भिंतीकडं तोंड करून पडले ना, तं या घराले दारच राह्यलं नाही."

बबनरावांची बोटं सैल झाली. पण मान त्यांनी हलवलीच. हात काढून परत डाव्या मांडीवर आपटला. एकदा. दोनदा. खोड. खोड.

आणि तिथंच दौलतसिंग ताठ झाला.

"थांब." त्यानं बबनरावांचा हात धरून परत रुमालाखाली ठेवला, लेकीच्या हातात. "खोड सांगून झाली?"

बबनरावांनी संशयानं डोळे बारीक केले.

"सांग, झाली का नाही? चार लोकाईसमोर, मांडी ठोकून?"

मान हलली. झाली.

"गिऱ्हाइकानं आयकली?"

"आयकली," योगिनी म्हणाली.

"मंजूर?"

"मंजूर."

"मंग संपलं." दौलतसिंगनं हात जोडून कपाळाला लावले. "खोड लपवून विकलेला बैल वापस येते. खोड सांगून विकलेला वापस येत नाही. ना दोनशेनं, ना दोन लाखानं. कारंज्याच्या बाजारात हा कायदा कोन चालवत होता बे? तूच! लोकं म्हनत, बबन दलालाचा बैल घ्या, खोड असन तं तोंडावर सांगन. आता सांगितली. आता विकनाऱ्यालेही बोलाचा हक राह्यला नाही."

बबनरावांनी जोडीदाराकडे पाहिलं. मग लेकीकडे. आपल्याच कायद्यात पाय अडकलेला माणूस जसा पाहतो, तसं. चेहऱ्याचा उजवा भाग हळूहळू वर गेला. डावा मागे राहिला, पण उजव्यानं दोघांपुरतं हसून घेतलं. रुमालाखाली त्या खरबरीत हातानं योगिनीचा आख्खा पंजा धरला, गच्च दाबला, आणि एकदा खाली झटका दिला. बोटं उचलली. घशातून एक आवाज आला. शब्द नव्हता. सौदा पक्का झाला की बाजारात ते छातीतून जो हुंकार द्यायचे, तो होता.

"हं," असा.

"पक्का!" दौलतसिंगनं रुमाल ओढून काढला. "आता दलाली काढा माही. आन चहा नको!"

सगळे एकदम हसले आणि एकदम रडले. हसण्यात मनकर्णाबाई नव्हत्या. त्या कधी आत गेल्या कुणालाच कळलं नव्हतं. बाहेर आल्या त्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात पितळी परात घेऊन. परातीत हळदी-कुंकवाची कुयरी आणि भाकरीचा तुकडा. नवा बैल दारात आला, की घरची बाई त्याच्या खुरांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, भाकरीचा घास देते, मग तो त्या घरचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून मनकर्णाबाईंनी कितीतरी बैलांचे खूर धुतले होते.

"माय, हे काय?" योगिनीनं विचारलं.

"तू घेतला ना? मंग उभाच ठेवतं काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. कुयरी आणि भाकरी त्यांनी लेकीच्या हाती दिली आणि परात खाटेखाली टेकवली. दौलतसिंगनं बबनरावांना बगलेत धरून उठवून बसवलं. पाय खाली सोडले. मनकर्णाबाई पदर सावरून बसल्या, आणि कितीक वर्षं जात्यावरच्या दळणाबरोबर थांबलेला त्यांचा ओवीचा आवाज जरा चाचरत निघाला:

दारी उभा गं ढवळा, घाल पायावर पानी,
बाजार पालथा केला, असा गावला ना कोनी.

बबनराव ऐकत होते. भिंत त्यांच्या पाठीमागे होती. पाण्याची धार पडली तसा त्यांनी उजवा पाय आपण होऊन पुढे केला, शहाण्या जनावरानं खूर उचलून द्यावा तसा. मनकर्णाबाईंनी तो धुतला, पदरानं पुसला, अंगठ्याला कुंकवाचं बोट लावलं.

"आन तो?" त्या म्हणाल्या. "तो का दुसऱ्याचा होय?"

बबनरावांनी डाव्या पायाकडे पाहिलं. तो जिथं होता तिथंच होता. योगिनी खाली बसली. कुयरी आणि भाकरी बाजूला ठेवून तिनं तो जड पाय दोन्ही हातांनी उचलला, आणि परातीत, आईच्या धारेखाली ठेवला.